शस्त्रक्रिया दोन तासांची, तयारी आयुष्यभराची

इजिप्तच्या इमान अहमदला ११ फेब्रुवारी २०१७ रोजी उपचारांसाठी मुंबईत आणण्यात आले, तेव्हा तिचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले गेले. मालवाहू विमान, क्रेन, सैफी रुग्णालयातील खास खोली या साऱ्यांच्या बातम्या झाल्या. जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया मात्र ७ मार्चला झाली. मधले साडेतीन आठवडे द्रव आहार, औषधे आणि तपासण्या यांत गेले. पुढे तिला अबुधाबीला हलवण्यात आले आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला तिचे निधन झाले. तिचा आजार अतिशय गुंतागुंतीचा होता, त्यामुळे त्यावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. पण चर्चा क्रेनची झाली, तयारीची झाली नाही, ही बाब बोलकी आहे.

लठ्ठपणा ही आता अपवादात्मक गोष्ट राहिलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजनी किंवा लठ्ठ होते. त्यांतील फार थोड्यांना शस्त्रक्रियेची गरज असते. मात्र ज्यांना असते, त्यांच्यापर्यंत ती 'झटपट उपाय' म्हणून पोहोचते. वास्तव याच्या नेमके उलट आहे.

शस्त्रक्रियेआधीचे दोन आठवडे कमी उष्मांकांचा, कमी पिष्टमय पदार्थांचा आहार दिला जातो. तो रुग्णाच्या निश्चयाची परीक्षा पाहण्यासाठी नसतो. अशा रुग्णांचे यकृत चरबीने फुगलेले असते आणि ते जठरावर झाकणासारखे पसरते. ते आक्रसले, तरच दुर्बिणीतून जठरापर्यंत सुरक्षितपणे पोहोचता येते. लग्नातल्या एका पंगतीसाठी पथ्य मोडणारा रुग्ण शल्यविशारदाचे काम अवघड करत असतो. धूम्रपान किमान सहा आठवडे आधी थांबवावे लागते. झोपेत श्वास अडकतो का, हे तपासावे लागते, कारण भूल देताना तोच धोका वाढतो. लोह, बी-१२ आणि 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता आधीच भरून काढायची असते. मानसोपचारतज्ज्ञाची भेटही याच तयारीचा भाग आहे. २०२५ पासून वजन घटवणारी नवी इंजेक्शने भारतात मिळू लागली आहेत. त्यांमुळे अन्न जठरात अधिक काळ राहते. म्हणून ती घेत असल्यास भूलतज्ज्ञाला सांगणे अत्यावश्यक ठरते.

रुग्णालयातील मुक्काम साधारण दोन-तीन दिवसांचा असतो. त्यातही विश्रांतीपेक्षा हालचालीला महत्त्व असते. शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच रुग्णाला चालवले जाते, कारण पायांच्या रक्तवाहिन्यांत होणाऱ्या गुठळ्या हा मोठा धोका असतो. सोबतच्या नातेवाइकांना हे आधी ठाऊक नसले, तर 'एवढ्यात कशाला उठवता?' असा वाद वॉर्डात ठरलेलाच.

तयारीचा सर्वांत अवघड भाग आर्थिक आहे. एकेकाळी आरोग्य विम्यात हा खर्च सर्रास वगळला जाई. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये त्यासाठी समान अटी घालून दिल्या. रुग्ण किमान १८ वर्षांचा असावा. त्याचा बॉडी मास इंडेक्स ४० किंवा अधिक असावा. तो ३५ किंवा अधिक असल्यास सौम्य उपाय थकलेले असावेत आणि अनियंत्रित टाइप २ मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेतील श्वसनाचा तीव्र विकार यांसारखा गंभीर आजार असावा. बंद दार किलकिले झाले, हे खरेच. परंतु २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय शल्यविशारद संघटनांनी आपले निकष बदलले. आशियाई वंशाच्या लोकांत कमी वजनावरही मधुमेह जडतो, हे लक्षात घेऊन त्यांच्यासाठी २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा विचार व्हावा, असे त्यांनी सुचवले.

या फरकाचा अर्थ एका उदाहरणातून कळेल. १६० सेंटिमीटर उंची, ८५ किलो वजन आणि आटोक्यात न येणारा मधुमेह असलेल्या व्यक्तीचा इंडेक्स ३३ च्या आसपास येतो. वैद्यकशास्त्र तिला पात्र मानते, विम्याच्या अटी मानत नाहीत. त्या पूर्ण करण्यासाठी तिचे वजन जवळपास ९० किलो हवे. उपचारांची गरज असलेल्याला आणखी आजारी होण्याची वाट पाहायला लावणारी ही रचना दुरुस्त व्हायला हवी.

शस्त्रक्रियेनंतरचा हिशेब वेगळाच. आधी द्रव, मग मऊ आणि नंतर नेहमीचे अन्न, पुरेशी प्रथिने, जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि नियमित रक्ततपासणी. स्त्रियांना वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागते. पॅकेजच्या जाहिरातीत हा खर्च आणि ही शिस्त क्वचितच दिसते. जठर लहान करणे शल्यविशारदाच्या हाती असते. पुढची वीस-तीस वर्षे मात्र रुग्णाने आणि त्याच्या घराने पेलायची असतात. त्यांची कल्पना न देता घेतलेली संमतीपत्रावरची सही अपुरीच म्हणावी लागेल.