स्पर्धा हवी, मलईची वाटणी नको!



मोबाइलची कंपनी बदलता येते, मग विजेची का नको, हा सवाल रास्त आहे. स्पर्धेला आमचा विरोध नाही, पण ती ज्या नियमांनी आणली जात आहे ते नियम नीट वाचा. 2003 च्या वीज कायद्याने एकाच भागात दुसऱ्या वितरण कंपनीला परवाना देण्याची सोय केली. सप्टेंबर 2022 मध्ये केंद्राने नियम दुरुस्त केले, त्यानुसार अशा कंपनीने किमान एक महापालिका क्षेत्र किंवा लगतचे तीन महसुली जिल्हे घ्यायचे. सरकारने ठरवल्यास त्याहून लहान क्षेत्रही चालते. महापालिका मिळत असताना जव्हार-मोखाड्याचे पाडे किंवा मराठवाड्यातले कृषिपंप कोण मागून घेईल? त्याच वर्षी अदानी समूहाच्या कंपनीने अर्ज केला तो भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण या पट्ट्यासाठी. त्याविरुद्ध 4 जानेवारी 2023 रोजी वीज कर्मचारी संपावर गेले, तेव्हा ‘खासगीकरण नाही’ असे आश्वासन देऊन सरकारने त्याच दिवशी संप मिटवला. नियम मात्र होता तसाच राहिला.

हा पट्टा का हवासा वाटतो, ते दरपत्रक सांगते. घरगुती ग्राहकाच्या पहिल्या 100 युनिटांचा दर आणि 500 युनिटांपुढचा दर यांत दुपटीहून जास्त अंतर आहे. कारखाने, दुकाने आणि मोठी घरे जास्त भरतात, म्हणून झोपडीतला दिवा आणि शेतातला पंप परवडतो. जास्त भरणारे निघून गेले की मागे राहिलेल्यांचा दर वाढणार किंवा सरकारी महावितरणचा तोटा फुगणार. सरकारने तिजोरी उघडली नाही, तर तिसरी वाट नाही.

मुंबईत हे घडून गेले आहे. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरचा किरकोळ ग्राहकांना वीज देण्याचा हक्क मान्य केला आणि 2009 पासून उपनगरातले ग्राहक आपल्या जुन्या कंपनीच्या, रिलायन्सच्याच तारांवरून टाटाची वीज घेऊ लागले. कंपनी बदलली तरी तारा वापरण्याचा वहन आकार तारांच्या मालकालाच जात राहिला, बदलला फक्त वीज आकार. मोठे ग्राहक आधी गेले, मग 2011 मध्ये जाणाऱ्यांवर क्रॉस सबसिडी अधिभार, म्हणजे इतरांच्या सवलतीचा वाटा, बसला. 2012 मध्ये तर वीज नियामक आयोगाला टाटावर बड्या ग्राहकांची निवड केल्याचा ठपका ठेवून 300 युनिटांपर्यंतच्या ग्राहकांनाच घेण्याची मर्यादा घालावी लागली. तो आदेश पुढे अपिलात गेला. पण नियामकाला असा हात घालावा लागला, यातच सगळे आले.

‘महावितरणचा कारभार तरी कुठे धड आहे?’ असे कोणी म्हणेल. नाहीच. मीटर नसलेल्या कृषिपंपांच्या नावावर गळती खपवली जाते आणि आयोगानेही महावितरणचे कृषी विक्रीचे दावे कापले आहेत. पण ही गळती थांबेल ती फीडर आणि रोहित्रांवर मीटर बसवून व त्यांचा हिशेब जाहीर करून. ठाण्यातला मॉल दुसऱ्या कंपनीकडे गेल्याने परभणीची गळती तसूभरही कमी होत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गरिबांची सवलत उद्योगांनी का सोसावी, ती सरकारने तिजोरीतून द्यावी. तत्त्व मान्य. मग आधी ती रक्कम अर्थसंकल्पात दाखवा. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राने जाहीर केलेला वीज कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा कारखाने, रेल्वे आणि मेट्रो यांच्यावरचा हा सवलतीचा भार पाच वर्षांत काढू पाहतो. तो भार पुढे कोण उचलणार, याची हमी मात्र आम्हाला त्यात सापडली नाही.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. समांतर परवाना हवा असेल तर शहरासोबत ग्रामीण तालुकेही घ्या, शहरात असो वा गावात, मागेल त्याला एकाच मुदतीत जोडणी द्या, आणि मोठा ग्राहक गेल्यावर पडणारी तूट कोणाच्या खात्यात जाईल ते परवान्यातच लिहा. आयोग परवाना अर्जांवर ठरावीक मुदतीत लेखी हरकती मागवतो. त्या मुदतीत आपली हरकत नोंदवा, ग्रामसभेत आणि सोसायटीच्या सभेत ठराव करून पाठवा, आणि आपल्या आमदाराला विचारा: तूट कोण भरणार?