नेरूळच्या मैदानावरील मुली

इसवी सन २०२२ च्या दिवाळींत आपल्यापैकीं बहुतेकांच्या स्वयंपाकघरांत चकलीचे घाणे निघत असतां नेरूळ, मडगांव व भुवनेश्वर ह्या तीन ठिकाणीं सोळा राष्ट्रांच्या मुली चेंडूमागें धांवत होत्या. त्या वर्षीं सूर्यग्रहणामुळें पाडवा व भाऊबीज हे दोन्ही सण एकाच दिवशीं, २६ ऑक्टोबरला आले. आणि त्याच दिवशीं मडगांवच्या फातोर्डा येथील मैदानावर उपांत्य फेरीचे दोन्ही सामने झाले. सतरा वर्षांखालील मुलींची जागतिक फुटबॉल स्पर्धा ती हीच. ११ ऑक्टोबरपासून ३० ऑक्टोबरपर्यंत एकंदर ३२ सामने झाले व अखेरचा सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर झाला. फुटबॉलच्या जागतिक संस्थेनें, म्हणजे फिफानें, स्त्रियांची स्पर्धा भारतांत भरविण्याची ती पहिलीच वेळ. क्रिकेटचा सामना असता तर आजोबांपासून नातवापर्यंत सारें घर दूरदर्शनसंचासमोर मांडी ठोकून बसलें असतें. ह्या मुलींचा सामना आपल्या घरीं किती वेळां लागला होता, हें ज्याचें त्यानें आठवून पाहावें.

हा विषय आजच काढण्यास एका वाचकभगिनीचें पत्र कारण झालें. त्यांच्या थोरल्या जावेची मुलगी आठवींत आहे. शाळेच्या संघांत ती दोन वर्षें खेळत असून आतां जिल्ह्याच्या संघासाठीं निवड-चाचणीस तिला बोलावणें आलें आहे. घरांत दोन तट पडले आहेत. मुलीचे आजोबा अनुकूल, सासूबाई प्रतिकूल, मुलीचे वडील कांहींच बोलत नाहींत, म्हणजे प्रतिकूलच, आणि धाकट्या दिरांनीं तर एका वाक्यांत निकाल दिला कीं, जगांत गेलों तेव्हां आठ गोलांनीं हरलों, त्या खेळांत घरची मुलगी घालावयाची कशाला? सासूबाईंच्या शंकांकडे आम्ही पुढें वळूं. दिरांच्या प्रश्नास मात्र आधीं उत्तर दिलें पाहिजे, कारण तो वरवर व्यवहारी दिसतो व म्हणूनच अधिक घातक आहे.

आठ गोलांची गोष्ट खरी आहे. भुवनेश्वरला ११ ऑक्टोबरच्या सायंकाळीं अमेरिकेनें आपल्या मुलींना ८-० असें हरविलें. तीन दिवसांनीं मोरोक्कोनें ३-०, व १७ तारखेस ब्राझीलनें ५-०. तीन सामन्यांत अंगावर सोळा गोल चढले व आपला एकहि झाला नाहीं. हें झांकून ठेवण्याजोगें नाहीं, आणि आम्ही झांकीतहि नाहीं. परंतु त्या अकरा जणी मैदानावर कोणत्या वाटेनें आल्या होत्या, हें दिरांनीं पाहिलेलें दिसत नाहीं.

मुळांत ही स्पर्धा येथें २०२० सालीं व्हावयाची होती. महामारीमुळें ती प्रथम २०२१ वर ढकलली गेली व पुढें रद्दच झाली. त्याऐवजीं २०२२ ची स्पर्धा भारतास मिळाली. कागदावर हा बदल लहानसा दिसतो. पण २०२० च्या स्पर्धेसाठीं तयार झालेल्या ज्या मुली २००५ पूर्वीं जन्मल्या होत्या, त्यांचें वय तेवढ्यांत उलटून गेलें. त्यांनीं शिबिरांत काढलेलीं वर्षें तशींच राहिलीं आणि स्वदेशांतील ती स्पर्धा दुसऱ्याच मुली खेळल्या. नंतर ऑगस्ट २०२२ मध्यें, स्पर्धेस दोन महिने उरले असतां, भारतीय फुटबॉल महासंघाच्या कारभारांत तिऱ्हाइताचा हस्तक्षेप झाल्याच्या कारणावरून फिफानें महासंघास निलंबित केलें. यजमानपदच जातें कीं काय अशी स्थिति झाली. पंधरवड्याच्या आंत निलंबन उठलें. परंतु वडीलधाऱ्यांच्या खुर्चीच्या भांडणांत मुलींचा घास तोंडाशीं येऊन हिरावला जावयाचा तो थोडक्यांत वांचला, एवढें खरें.

संघाची कर्णधार अष्टम उरांव ही झारखंडांतील गुमला जिल्ह्याची. एकवीस जणींच्या त्या संघांत सहा मुली एकट्या झारखंडच्या होत्या. कर्णधाराच्या सन्मानार्थ तिच्या गांवीं रस्त्याचें काम निघालें, आणि त्याच रस्त्यावर तिचे आईबाप मजुरीनें राबत होते, असें त्या वेळीं वृत्तपत्रांनीं छापिलें होतें. आम्हांस हें वृत्त वाचून प्रथम कौतुक वाटलें व मागाहून लाज वाटली. आपल्या घरांतील मुलीस रस्ता आहे, बूट आहेत, सकाळीं दूध आहे. खेळण्यास नाहीं तो फक्त घरचा होकार. आपल्या महाराष्ट्रांतूनहि पुण्याची काजोल डिसूझा त्या संघांत होती, ही आनंदाची गोष्ट. परंतु शाळा, मैदानें व शिकलेलीं घरें ह्यांची जेथें एवढी दाटी, त्या प्रांताचा वांटा एवढाच असावा काय?

उलट बाजूस अमेरिका पाहा. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेनें मुलगा व मुलगी असा भेद करतां कामा नये, असा कायदा तेथें १९७२ सालीं झाला. त्यामुळें शाळाकॉलेजांना मुलींच्या खेळांसाठींहि जागा व पैसा काढून ठेवावा लागला. भुवनेश्वरला जे आठ गोल झाले, त्यांच्यामागें ही पन्नास वर्षें होतीं. आपल्या मुलींच्या मागें किती होतीं?

आतां सासूबाई. त्यांचें म्हणणें पत्रांत असें आहे कीं, ह्या खेळानें मुलीचा नाजुकपणा जातो, अंगाला इजा होते आणि चारचौघांत तोकड्या कपड्यांनीं धांवणें शोभत नाहीं. सासूबाईंस जर्मन भाषा येत नसावी, पण १९५५ सालीं पश्चिम जर्मनीच्या फुटबॉल संघटनेनें स्त्रियांच्या फुटबॉलवर बंदी घातली तेव्हां नेमकीं हींच कारणें दिलीं होतीं. स्त्रीचें लावण्य जातें, देह व मन ह्यांस अपाय होतो आणि शालीनतेस बाध येतो. ही बंदी १९७० पर्यंत टिकली, आणि ती उठली तेव्हांहि सामना साठ मिनिटांचा, चेंडू हलका व बुटांना खिळे नकोत, अशा अटी लाविल्या होत्या. ब्राझीलमध्यें तर १९४१ सालीं सरकारी फर्मानच निघालें कीं स्त्रीस्वभावास न जुळणारे खेळ स्त्रियांनीं खेळूं नयेत; तें १९७९ पर्यंत चाललें. इंग्लंडची कथा अधिक मासलेवाईक आहे. पहिल्या महायुद्धांत पुरुष आघाडीवर गेले, तेव्हां प्रेस्टन गांवच्या डिक-कर कारखान्यांतील कामकरी मुलींनीं संघ काढला. १९२० सालीं नाताळच्या दुसऱ्या दिवशीं लिव्हरपूलच्या मैदानावर त्यांचा सामना पाहाण्यास सुमारें ५३,००० लोक लोटले. हा पैसा धर्मकार्यास जाई. एक वर्ष होतें न होतें तोंच, डिसेंबर १९२१ मध्यें, तेथील फुटबॉल संघटनेनें हा खेळ स्त्रियांस योग्य नाहीं असें ठरवून आपल्या क्लबांचीं मैदानें त्यांना बंद केलीं. तीं उघडण्यास सुमारें अर्धशतक लागलें. ओस पडलेल्या मैदानावर कोणी बंदी घालीत नाहीं. गर्दी जमली म्हणूनच बंदी आली, असें आम्हांस वाटतें.

हें सारें सांगण्याचें कारण असें कीं, २१ ऑक्टोबर २०२२ रोजीं नेरूळला उपांत्यपूर्व फेरींत जर्मनी व ब्राझील ह्याच दोन देशांच्या मुली समोरासमोर उभ्या होत्या. जर्मनीनें २-० असा विजय मिळविला. ज्या दोन राष्ट्रांनीं आज्यांना मैदानाबाहेर काढलें, त्यांच्या नाती आपल्या दाराशीं येऊन खेळून गेल्या. सासूबाईंस आमची विनंती एवढीच, कीं त्यांनीं स्वतःच्या मंगळागौरी आठवाव्या. झिम्मा, पिंगा आणि बस-फुगडी ह्यांत रात्र जागविणाऱ्या मुलींच्या गुडघ्यांची काळजी तेव्हां कोणीं वाहिली नव्हती, व लावण्यहि कोठें गेलें नव्हतें.

तरी गुडघ्याची शंका आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. तिच्यांत तथ्य आहे. गुडघ्याच्या सांध्यांत मांडीचें व नडगीचें हाड जोडून ठेवणारा एक अस्थिबंध असतो. धांवतां धांवतां एकदम वळल्यानें तो तुटतो, आणि वयांत आलेल्या मुलींत ही इजा मुलांच्या दुपटीहून कमी नाहीं. परंतु तिला आळा घालतां येतो. खेळापूर्वीं सुमारें वीस मिनिटें ठराविक व्यायाम करावयाचा, त्यांत एका पायावर तोल, उडी मारून वांकल्या गुडघ्यानें उतरणें, मांडीचे मागचे स्नायु बळकट करणें असे प्रकार येतात. फिफानेंच असा क्रम तयार केला असून तो नियमानें करणाऱ्या संघांत इजा बऱ्याच कमी होतात, असें प्रयोगांतीं दिसून आलें आहे. शाळेचे शिक्षक हा व्यायाम घेतात किंवा नाहीं, हें घरच्या माणसांनीं एकदां मैदानावर जाऊन पाहावें. दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ जणींत रक्त कमी आढळलें. खातीं-पितीं घरें त्यांतून सुटलेलीं आहेत असें कोणीं समजूं नये. अळिवाचे लाडू अवश्य करावे, वर लिंबू पिळलेली पालेभाजी रोज ताटांत असावी. पण आधीं रक्त तपासून घ्यावें, आणि डॉक्टरांनीं लोहाच्या गोळ्या दिल्यास त्यांची जागा लाडवांनीं भरून काढूं नये. काळवंडण्याची भीति पत्रांत दोनदां आली आहे. तिला उत्तर देण्याची आम्हांस जरूर वाटत नाहीं.

सासूबाईंनीं न लिहिलेली, पण मुलीच्या आईच्या मनांत असणारच अशी एक शंका उरते, आणि ती सर्वांत गंभीर आहे. २०२२ च्या उन्हाळ्यांत हाच सतरा वर्षांखालील संघ युरोपच्या दौऱ्यावर असतां एका साहाय्यक प्रशिक्षकावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप आला. त्याला परत बोलाविण्यांत आलें व पुढें बडतर्फ करण्यांत आलें. म्हणून मुलीस घरीं बसवावें काय? तसें केल्यास अपराध एकाचा व शिक्षा मुलींना, असें होईल. उलट, घरानें आपला अधिकार बजावावा. संघाबरोबर बाई कोण आहेत, मुलींची राहाण्याची सोय कोठें आहे, रात्रीं त्यांच्या मजल्यावर कोणास प्रवेश आहे, तक्रार करावयाची ती कोणाकडे, हे प्रश्न जिल्ह्याच्या संघटनेस लेखी विचारावे व लेखी उत्तर मागावें. कोणास राग आला तर येऊं द्यावा. मुलांचें लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा २०१२ पासून आहे. चौकशी करणारे पालक आगाऊ नसतात. आणि मुलीशीं घरांत मोकळेपणानें बोलणारें एक तरी माणूस असावें. एकत्र कुटुंबांत काकू, आत्या, आजी इतक्या असतांना तें न मिळावें, ह्याहून मोठी नवलाची गोष्ट नाहीं.

स्पर्धेचा शेवट सांगावयाचा राहिला. अंतिम सामना स्पेन व कोलंबिया ह्यांच्यांत झाला. ब्याऐंशीव्या मिनिटापर्यंत एकहि गोल नव्हता. तेव्हां कोलंबियाच्याच एका मुलीचा पाय लागून चेंडू स्वतःच्या जाळ्यांत गेला आणि स्पेननें १-० असा चषक राखला. त्याच कोलंबियाच्या संघांत लिंडा कायसेडो ही सतरा वर्षांची मुलगी होती. पंधराव्या वर्षीं तिला अंडाशयाचा कर्करोग झाला होता. त्यांतून उठून तिनें त्या एकाच वर्षांत सतरांखालील, विसांखालील व प्रौढ अशा तीनहि संघांतून देशासाठीं सामने खेळले. स्पेनकडे पाहावें तर २०१८ सालीं उरुग्वेला हाच चषक जिंकणाऱ्या संघांतील साल्मा पारायुएलो ही पुढें २०२३ मध्यें प्रौढ स्त्रियांच्या जागतिक विजेत्या संघांत होती. आणि टांझानियाच्या मुली ह्या स्पर्धेंत प्रथमच येऊन, पहिला सामना जपानशीं ४-० असा हरून, फ्रान्सला हरवून उपांत्यपूर्व फेरींत पोंचल्या. दिरांनीं ह्या ओळी दोनदां वाचाव्या.

आपल्याहि मुली तेथेंच थांबलेल्या नाहींत. जुलै २०२५ मध्यें भारताच्या स्त्रियांनीं थायलंडला त्याच्याच भूमीवर २-१ असें हरवून आशियाई स्पर्धेची पात्रता मिळविली. पात्रता-फेरींतून तेथें जाण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत सतरा वर्षांखालील मुलींनीं बिश्केक येथें उझबेकिस्तानला त्याच गोलसंख्येनें मागें टाकून आपल्या वयोगटाच्या आशियाई स्पर्धेंत प्रवेश केला.

आमच्या पत्रलेखिका भगिनींनीं निवड-चाचणीस मुलीबरोबर स्वतः जावें, आणि जमल्यास सासूबाईंसहि न्यावें. मैदानावर सावलीची एक खुर्ची त्यांना कोणीहि देईल. बुटांविषयीं त्यांनीं विचारिलें आहे. वाढत्या पायास दोन वर्षें पुरावे म्हणून एक नंबर मोठे बूट घेण्याची आपल्या घरांतील रीत येथें चालणार नाहीं. पायांत मोजे घालून, उभें राहून, पुढें अर्ध्या बोटाइतकीच जागा उरेल असे घ्यावे, आणि ते चाचणीपूर्वीं निदान आठ दिवस घालून सवयीचे करावे.