पाणी आमचं, तपासणीही आमचीच!

तानसा धरण १८९२ सालचं. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळेपासून आपल्या जंगलातलं पाणी मुंबईला जातंय. पुढे वैतरणा गेली, भातसा गेली. ते पाणी भांडुपसारख्या केंद्रात गाळतात, क्लोरीन घालतात, तपासतात आणि मग नळाला सोडतात. मुंबईच्या झोपडीतल्या माणसाशी आमचं भांडण नाही. त्यालाही चांगलं पाणी मिळालंच पाहिजे. आमचा सवाल एवढाच : ज्या डोंगरातून हे पाणी उतरतं, तिथल्या पाड्यावरची बाई डवऱ्यातून वाटीवाटीने हंडा भरते, ते पाणी कोण तपासतं?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पहिल्या पावसाचा लोट आमच्या एका पाड्याच्या विहिरीत उतरला. विहिरीला कठडा नाही. चार दिवसांत घराघरात जुलाब-उलट्या. लेकरांना झोळीत घालून दवाखाना गाठला. मग साहेब लोक आले. सकाळी विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकली, दुपारी बाटली भरून नेली. रिपोर्ट आला, "पाणी पिण्यास योग्य." पावडर टाकल्यावर योग्य येईल नाहीतर काय! आम्ही चार दिवस जे पाणी प्यालो त्याचा रिपोर्ट कुठंय? वर आम्हालाच ऐकवलं, "तुम्ही लोक घाण राहता, पाणी उकळत नाही." उकळायला लाकूड लागतं साहेब! आणि मोळी डोक्यावर दिसली की गार्ड कोयता हिसकावतो.

आता थोडं आपल्या माणसांशीही बोलू. काही दादा म्हणतात, "आधी जमिनीचं बघा, पाण्याचं मागून. बापजाद्यांनी हेच पाणी पिलं." बापजाद्यांच्या ओहोळाच्या वरच्या अंगाला तणनाशक मारलेलं शेत नव्हतं. आज आपलेच पोरगे मासे मारायला डोहात कीटकनाशक ओततात. फवारणीचा पंप डवऱ्याशेजारी धुतात. औषधाचा रिकामा डबा धुवून त्यात पाणी भरतात. हे बंद करायला कुठल्या साहेबाचा हुकूम लागतो? प्लॉटचा सातबारा हातात आला आणि विहिरीत विष उरलं, तर तो कागद काय चाटायचा?

पाणी नितळ दिसतं म्हणून चांगलं, असं नसतं. जुलाबाचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. ते उकळल्यावर मरतात. पण चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड आहे. त्याने दातांवर डाग पडतात, हाडं वाकतात. ना वास, ना रंग. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून घट्ट होतं. एका लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दीडच्या वर ते पाणी पिऊच नये. युरियाने आणि शेणखड्ड्याच्या झिरपण्याने पाण्यात नायट्रेट वाढतं. त्याची हद्द ४५ मिलिग्रॅम. ते तान्ह्या बाळाला सगळ्यात घातक, आणि तेही उकळून जात नाही. म्हणून तपासणी दोन्ही पाहिजे : जंतूंची आणि क्षारांची.

यातलं बरंच पाड्यावर होतं. एच.टू.एस.ची बाटली खुणेपर्यंत भरून उबेत ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं की समजायचं, त्यात हागणदारीची घाण उतरली आहे. टी.सी.एल. टाकल्यावर अर्ध्या तासाने ओ.टी.चे थेंब घालून बघायचं. पिवळं झालं तर पावडर लागू पडली. नाही झालं तर पावडर कमी पडली, नाहीतर उघड्या पोत्यात सादळून मेलेली आहे. चांगली पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते. हे काम आपल्या पाचवी शिकलेल्या पोरी करू शकतात. क्षारांसाठी मात्र नमुना प्रयोगशाळेतच गेला पाहिजे.

जंगल खातं म्हणतं, पाइप टाकायला परवानगी नाही. वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(२) त्यांच्यापुढे ठेवा. पिण्याचं पाणी आणि पाण्याची पाइपलाइन यांसाठी वनजमीन देता येते. जागा एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. कलम ५ तर सांगतं की पाणलोट आणि पाण्याचे उगम राखण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. म्हणजे आपण भीक मागत नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत प्रत्येक पाड्याने हे ठराव घ्यावेत :

१. नमुना टी.सी.एल. टाकण्याआधी, पाड्यातल्या दोन बायांसमोर घ्यावा. बाटलीवर तारीख, वेळ आणि जागा लिहावी.

२. रिपोर्टची नक्कल ग्रामसभेत मोठ्याने वाचावी आणि शाळेच्या भिंतीवर लावावी.

३. पहिल्या पावसाआधी आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक विहीर, डवरा, हातपंप तपासावा. विहिरीला कठडा बांधावा. संडासाचा खड्डा विहिरीपासून ५० फुटांच्या आत नको.

४. डोहात औषध ओतणाऱ्याला, पाण्याकाठी पंप धुणाऱ्याला गावाने दंड करावा. तो आपला भाऊ असला तरी.

चौथा ठराव सगळ्यात अवघड आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण तो आधी घेतला, तर पहिले तीन मागताना आपला आवाज चढा राहील.

जल, जंगल, जमीन ही घोषणा आपण वर्षानुवर्षं देतोय. त्यात पहिला शब्द जल आहे, हे विसरू नका.

जिंदाबाद!