वाढत्या अंगाची नको!



साताऱ्याहून आलेलं एक पत्र गेले आठ दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. एरवी पत्राला लगेच उत्तर लिहिते, पण या पत्राने मला माझीच एक चूक आठवली आणि हात थबकला. पत्र थोडक्यात असं :

‘‘आमच्या ह्यांना कॉलेजात असताना मातीतल्या मोटारसायकल शर्यतींचा नाद होता. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याला बालेवाडीत सुपरक्रॉस झालं, ते बघायला मुलालाही घेऊन गेले. तेव्हापासून दोघांनी एकच धरलंय. मुलगा आता सहा वर्षांचा आहे. ओळखीत एक वापरलेली ११० सीसीची गाडी मिळतेय. हे म्हणतात, आता जरा मोठी वाटेल, पण पुढे चार-पाच वर्षं बघायला नको. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरलाय. तुम्हीच सांगा, घ्यावी का? आणि कोणती?’’

‘पुढे चार-पाच वर्षं बघायला नको’ हे वाक्य मी ओळखते. आपण सगळ्याच ओळखतो. गणवेश वाढत्या अंगाचा शिवायचा, बूट एक नंबर मोठे घेऊन पुढे कापूस कोंबायचा, फ्रॉकला चांगली चार बोटं दुमड ठेवायची. असाच संसार केला आपण आणि त्यात काही चुकलं नाही. पण माझ्या बहिणीच्या नातवासाठी अशीच गाडी घ्यायची ठरली तेव्हा मला विचारलं, आणि मी मोठ्या शहाणपणाने म्हटलं, ‘‘घेताच आहात तर वाढत्या अंगाची घ्या.’’ मुलगा सात वर्षांचा. पहिल्या रविवारी शेतात गाडी व्यवस्थित चालवली त्याने. पडला तो थांबल्यावर! थांबून पाय खाली टेकवायला गेला, तर जमीन सापडेना. गाडी कलली आणि पोटरीवरच आली. सायलेन्सर तापलेला होता. भाजल्याचा डाग अजून आहे. पण त्याहून वाईट म्हणजे पुढे वर्षभर तो साध्या सायकललाही हात लावेना. गाडी ताडपत्रीखाली गेली. तेव्हापासून या विषयात माझी जीभ जरा जपूनच चालते.

तेव्हा साताऱ्याच्या बाई, पहिलं काम सांगते. शिवणाची टेप घ्या. मुलाला बूट घालून भिंतीशी ताठ उभं करा आणि मांड्यांच्या सांध्यापासून जमिनीपर्यंत माप घ्या. ते गाडीच्या सीटच्या उंचीशी ताडून बघायचं. सीटवर बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीला टेकली पाहिजेत. शिकलेल्या मुलाचं चवड्यांवर भागतं, नवशिक्याचं नाही. यामाहाची पीडब्ल्यू ५० ही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून अशा चिमुरड्यांसाठीच निघालेली गाडी. तिची सीट साधारण ४८ सेंटिमीटर उंच आणि वजन ४१ किलोच्या आसपास. होंडाची सीआरएफ ५० एफ जवळजवळ ५५ सेंटिमीटर आणि ५० किलो. त्याच होंडाची ११० घेतलीत तर सीट ६६ सेंटिमीटरच्या घरात आणि वजन ७७ किलो! तुमचा मुलगा असेल वीस किलोचा. म्हणजे त्याच्या जवळजवळ चौपट ओझं, आणि पाय अधांतरी. ‘जरा मोठी’ ती हीच का?

दुसरी गोष्ट वेगाची. पीडब्ल्यू ५० ला गिअर नाहीत, क्लच नाही आणि ॲक्सिलरेटर किती पिळला जावा हे ठरवणारा एक स्क्रू आहे. सुरुवातीला बाबांनी तो इतका आवळून ठेवायचा, की गाडी आपल्या चालण्याइतकीच पळेल. पोराला स्क्रू दाखवायचा नाही, बरं का! होंडाच्या ५० ला तीन गिअर आहेत पण हाताचा क्लच नाही, त्यामुळे ती पुढची पायरी. मात्र ५० म्हटलं की सगळ्या सारख्या असं समजू नका. शर्यतीसाठी बनवलेल्या ५० सीसीच्या गाड्याही मिळतात. त्या दिसायला गोंडस, पण उंच आणि भलत्याच चपळ असतात, शिकायला बिलकुल नकोत.

या परदेशी गाड्या आपल्या नेहमीच्या दुकानात मिळत नाहीत. आयात केलेली किंवा वापरलेली बघावी लागते. वापरलेली घ्यायला हरकत नाही, पण ॲक्सिलरेटर पिळून सोडला की झटकन जागेवर येतो का, मुलाची बोटं ब्रेकपर्यंत पोचतात का आणि सुटे भाग कुठे मिळतात, हे बघितल्याशिवाय पैसे मोजू नका. नाहीतर विजेवर चालणाऱ्या, पॅडल नसलेल्या छोट्या गाड्या निघाल्या आहेत. मोटर बंद ठेवून मूल नुसतं पायांनी ढकलत तोल शिकतं. मला विचाराल तर सुरुवात तिथूनच बरी. धूर नाही, तापलेला सायलेन्सर नाही आणि शेजारणीची तक्रारही नाही.

पण गाडीच्या आधी मूल बघा. बाजूची चाकं न लावता दोन चाकी सायकल नीट चालवतो का? आणि हे फक्त आईलाच ठाऊक असतं : ‘थांब’ म्हटल्यावर पहिल्या हाकेला थांबतो का? तिसऱ्या हाकेला थांबणारा मुलगा वाईट नसतो, पण त्याला अजून वर्षभर सायकलच द्यावी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सोळा वर्षांखालच्या मुलांना मातीत पळवायच्या मोटारगाड्या देऊच नयेत, असं म्हणते. म्हणून तुम्ही सरळ ‘नको’ म्हणालात, तरी त्यात भित्रेपणा नाही.

‘हो’ म्हणणार असाल तर पैसे आधी अंगावर घालायच्या गोष्टींसाठी बाजूला काढा, उरतील त्यात गाडी बसवा. हेल्मेटसाठी भुवयांच्या वर टेप फिरवून डोक्याचं माप घ्या. हेल्मेट मुलांच्या मापाचं, हलकं आणि नवं कोरंच हवं. एकदा आपटलेल्या हेल्मेटचा भरवसा नसतो, आणि जुनं कुठे आपटलंय ते कोण सांगणार? पट्टा बांधून डोकं हलवायला सांगा, हेल्मेट डोक्याबरोबरच वळलं पाहिजे. इथेही वाढत्या अंगाचं चालणार नाही! घोट्याच्या वर जाणारे बूट, गुडघे-कोपरांचे गार्ड, छातीचं कवच, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जाड पँट. मुलगी चालवणार असेल तर वेणी शर्टाच्या आत आणि ओढणी घरी. (मुलीला का नाही, हा प्रश्न कुणी पत्रात विचारलेलाच नाही. मीच विचारते.)

जागा सपाट, ऊस तुटल्यानंतरच्या शेतासारखी. आधी पायी फिरून बघा. विहिरीला कठडा आहे का, बांधाला तार आहे का? एक मोठं माणूस शेवटपर्यंत तिथेच हवं, मोबाइल बघत झाडाखाली बसलेलं नको. घरापासून शेतापर्यंत गाडी टेंपोतून न्यायची. ‘एवढंसंच तर आहे’ म्हणून रस्त्यावर चालवू द्यायची नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

पेट्रोल पाण्याच्या बाटलीत भरून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवू नका, हे सांगायला नको, तरी सांगते. आणि भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, मग डॉक्टरकडे. टूथपेस्ट, हळद, तूप काही लावायचं नाही. आमच्याकडे त्या दिवशी हळद लावली होती.

राहता राहिल्या सासूबाई. मापं घ्यायला त्यांनाच बसवा. शिवणाची टेप त्यांच्याच डब्यात असेल. नातवाच्या पायाचं माप आणि ६६ सेंटिमीटर हा आकडा त्यांनी एकदा मुलाच्या तोंडावर मोजून दाखवला, की त्या ११० चं काय करायचं ते तुम्हाला बोलावं लागणार नाही. माप किती निघालं ते मला मात्र कळवा.