प्लॅटिनमच्या खाणी: कुणी आवरतंय, कुणी वाढवतंय. असं का?

तुमचे क्लाउडवरचे फोटो ज्या हार्ड डिस्कवर साठतात, तिच्या चुंबकीय थरात प्लॅटिनम असतं. जगातलं सुमारे ७० टक्के प्लॅटिनम एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतं.

आता दोन कंपन्या बघा. सिबान्ये-स्टिलवॉटरनं २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या खाणींचं उत्पादन घटवायचं ठरवलं. तिथे मुख्यतः पॅलेडियम निघतं आणि त्याचा भाव २०२२ च्या उच्चांकाच्या निम्म्याहूनही खाली आला होता. आयव्हॅन्हो माइन्सनं मात्र २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्लॅटरीफ खाण सुरू केली. तिथला खनिजाचा थर जाड आहे, म्हणून मोठ्या मशीन चालतात. शिवाय निकेल आणि तांबंही मिळतं.

म्हणजे टिकतो तो स्वस्तात काढणारा. पण यात एक गोची आहे: अमेरिकेतल्या खाणी आटल्या, की जगाची भिस्त आणखी मोजक्याच देशांवर!