चुलवाणाची धग आणि विजेचा हिशेब

हिवाळ्यातल्या रात्री आमच्या भागातल्या गुऱ्हाळावर वीज गेली, की जे दृश्य दिसते ते अर्थशास्त्राच्या अध्यापकाला अस्वस्थ करणारे असते. चरक थांबतो, दिवे विझतात, गुळव्या बॅटरीच्या उजेडात काहिलीतला रस न्याहाळू लागतो; आणि शेजारीच चुलवाणातली धग धुराड्यावाटे आकाशात जात असते. शक्तीचा तुटवडा आणि शक्तीची उधळण, दोन्ही चार हातांच्या अंतरात!

धगीपासून थेट वीज मिळू शकते, ही गोष्ट नवी नाही. दोन भिन्न धातूंच्या जोडाचा एक सांधा तप्त व दुसरा थंड ठेवला की प्रवाह वाहतो, हे सीबेकच्या १८२१ च्या प्रयोगांतून पुढे आले. १९७७ साली सोडलेली व्हॉयेजर याने याच तत्त्वावरच्या विजेवर चालत आली आहेत. मग ती वीज तासगावात का पोहोचली नाही? कारण सरळ आहे. या कामी उत्तम ठरलेल्या पदार्थांत टेल्युरियमसारखी दुर्मिळ द्रव्ये लागतात, आणि भट्टीच्या तापलेल्या हवेत ते पदार्थ टिकत नाहीत.

धातूंच्या ऑक्साइडांची भाजलेली मृत्तिका मात्र तेथे टिकते. ती मुळातच ‘जळलेली’ असते. पुन्हा काय जळणार? जस्ताचे ऑक्साइड म्हणजे मलमात पडणारी साधी पांढरी पूड. जपानी संशोधकांनी १९९६ मध्ये तिच्यातल्या शंभर जस्त-अणूंपैकी दोहोंच्या जागी ॲल्युमिनियम बसवले आणि तिची विद्युत्‌वाहकता कितीतरी वाढली. (भेसळीने माल सुधारल्याचे हे विरळा उदाहरण म्हणावे लागेल.) अडचण उरली ती उष्णतेची. तीही या पदार्थातून सुखाने पलीकडे जाते, आणि दोन टोकांतला तापमानाचा फरकच नाहीसा करू पाहते. म्हणून कण अतिसूक्ष्म, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास, ठेवण्याची युक्ती निघाली. अरुंद बोळांच्या गावात सायकल निघून जाते, उसाची ट्रॉली अडकते. तसा इलेक्ट्रॉन पार होतो आणि उष्णतेची कंपने कणांच्या सीमांवर अडखळतात. अर्थात सायकललाही थोडा त्रास होतोच. शिवाय महिनोन्‌महिने तापत राहिल्यास हे बारीक कण एकमेकांत मिसळून पुन्हा जाड होतात.

तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको. साखर कारखान्याच्या टर्बाइनशी या मृत्तिकेची स्पर्धा नाही. जेथे बॉयलर परवडत नाही, अशा गुऱ्हाळाच्या, वीटभट्टीच्या, लहान फाउंड्रीच्या धगीपाशी तिची जागा आहे. समजा, काहिलीपलीकडच्या झोतातली दहा किलोवॉट उष्णता तिच्यातून नेली आणि शेकडा तीन भागांची वीज झाली, तर तीनशे वॉट मिळतील. चरक त्यावर फिरणार नाही. दिवे लागतील, झोताचा लहान पंखा चालेल. शेकडा तीन हा आकडा ऐकून पुष्कळजण हसतात. परंतु थंड बाजूस पाणी फिरवले, तर उरलेल्या सत्त्याण्णव भागांपैकी बराचसा त्या पाण्यात उतरतो, आणि त्यावर काहिलीत जाणारा रस कोमट करून घेता येतो. ज्या उष्णतेची आज किंमत शून्य आहे, तिच्या बाबतीत कार्यक्षमतेच्या टक्क्यापेक्षा एका वॉटमागे किती रुपये पडले आणि उपकरण किती हंगाम टिकले, हे विचारणे अधिक शहाणपणाचे.

हा प्रश्न प्रयोगशाळेत सहसा विचारला जात नाही. १९६२ साली स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ येथून फार दूर नाही, आणि धातूंच्या ऑक्साइडांवर तेथे दीर्घकाळ काम होत आले आहे. विद्वत्तेची वाण नाही. पण देशभर संशोधकाची बढती शोधनिबंध मोजून होते. धुराड्याला लावलेले ओबडधोबड उपकरण मोजण्याचे माप आपल्याकडे नाही. त्यामुळे गुणांक दशांशाने वाढला की निबंध छापला जातो, आणि मृत्तिकेला धातूची तार घट्ट जोडायची कशी, हा कंटाळवाणा, पण सारे ज्यावर अडले आहे तो प्रश्न कोणाच्याच वाट्याला येत नाही. वस्तुतः तो वेल्डर, कुंभार आणि पदार्थवैज्ञानिक यांनी एकत्र बसून सोडवण्याचा आहे. याच परिसरात १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती ओतकामाच्या भट्टीवर आणि लोखंडी नांगरावर.

संशोधनाच्या अनुदानातला लहानसा हिस्सा अशा एका जोडणीसाठी राखून ठेवावा; गुऱ्हाळमालकाला भाडे द्यावे, आणि वीज किती मिळाली याची नोंद रोज जाळव्याच्याच हातून वहीत करून घ्यावी. दिवाळीच्या सुमारास चुलवाणे पेटतात. त्याआधी एखादे उपकरण बसवता आले, तर पहिल्या हंगामाचे आकडे उन्हाळ्यापर्यंत हाती येतील.