आधी बांधा, मग मागा

बचत गट म्हणजे एकाच वस्तीतल्या दहा ते वीस बायका, दरमहा ठरलेली वर्गणी, एक पेटी आणि एक हिशोबवही. साठलेल्या पैशातून गट सभासदालाच कर्ज देतो, बहुतेक ठिकाणी शेकडा दोन रुपयांनी. वर्षाला हे चोवीस टक्के पडतात. पण व्याज सावकाराच्या घरी न जाता गटाच्याच पेटीत जाते, म्हणून त्याबद्दल फारशी कुरकुर होत नाही. नाबार्डने १९९२ मध्ये पाचशे गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग केला आणि तो देशभर पसरला. महाराष्ट्रात आधी महिला आर्थिक विकास महामंडळाने आणि २०११ पासून ‘उमेद’ अभियानाने गावोगावी गट उभे केले. पाणी आणि संडास यांसाठीचे छोटे कर्ज याच वाटेने घरापर्यंत पोचते.

अशा कर्जाकडे बँका बराच काळ नाक मुरडत होत्या. शेळी घेतली तर करडू विकून हप्ता भरता येतो, शिलाई यंत्रावर चार झंपर शिवता येतात. संडासातून उत्पन्न ते काय निघणार? तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या ग्रामालय या संस्थेने २००७ मध्ये ‘गार्डियन’ नावाची सूक्ष्म वित्तसंस्थाच काढली, निव्वळ पाणी आणि स्वच्छतेच्या कर्जांसाठी. पुढे २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशी कर्जे अग्रक्रमाच्या यादीत घातली. हप्ता शेवटी मजुरीतून आणि दुधाच्या पैशातूनच जातो. दिवसभर कमी पाणी प्यायचे आणि अंधार पडायची वाट बघायची, हे ज्या बाईने वर्षानुवर्षे केले तिला या कर्जाचा परतावा समजावून सांगावा लागत नाही. बँकेच्या अर्जात मात्र त्यासाठी रकाना नाही.

स्वच्छ भारत अभियान २ ऑक्टोबर २०१४ ला सुरू झाले आणि वैयक्तिक शौचालयाला १२,००० रुपये प्रोत्साहन अनुदान ठरले. खरी गोम ‘प्रोत्साहन’ या विशेषणात आहे. बहुतेक ठिकाणी पैसे बांधून झाल्यावर मिळतात: खड्डे, भिंती, दार, भांडे, मग मोबाइलवरून फोटो, त्यावर अक्षांश-रेखांश आणि शेवटी खात्यात रक्कम. विटावाल्याला, वाळूवाल्याला आणि गवंड्याला यातला कोणताही टप्पा ठाऊक नसतो; त्यांना रोख लागते. ती रोख गटाच्या पेटीतून निघते. बारा हजारांवर शेकडा दोनने महिन्याला २४० रुपये व्याज होते. अनुदान सहा महिने रखडले की १,४४० रुपये. सरकारच्या उशिराचे हे व्याज गावातली सगळ्यात तंगीत असलेली बाई भरते आणि योजनेच्या अहवालात ते कुठेच दिसत नाही. पहाटे शिट्ट्या वाजवत, टमरेलवाल्यांना गुलाबाचे फूल देत फिरलेली गुड मॉर्निंग पथके वाचकांना आठवत असतील. त्या फुलांचे मानकरी पुष्कळदा तेच होते, ज्यांच्याकडे आगाऊ घालायला बारा हजार नव्हते.

कर्ज फुगते ते मात्र खड्ड्यापाशी. सरकारी आराखड्यात जाळीदार बांधणीचे, जेमतेम मीटर-सव्वा मीटर खोलीचे दोन शोषखड्डे असतात. एक भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचे. पहिल्यातल्या मैल्याचे वर्ष-दीड वर्षात वास नसलेले, मातीसारखे सोनखत होते. घरापुरता एक खड्डा चार-पाच वर्षे सहज पुरतो. पण गवंडी हा आराखडा पाहून हसतो. ‘एवढासा खड्डा? लगेच भरंल,’ म्हणतो आणि म्हैस बुडेल एवढी टाकी खणायला लावतो. घरमालकालाही टाकी भक्कम वाटते. खर्च दुप्पट-तिप्पट होतो, वरची रक्कम पुन्हा गटाकडून उचलली जाते आणि टाकीचे सांडपाणी गल्लीतल्या उघड्या गटारात सुटते. उपसायची वेळ आली की कळते, मैला ओढणारी गाडी वाडीपर्यंत येतच नाही. संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरवणे तर २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

या मोठ्या टाकीमागे गवंड्याच्या अडाणीपणापेक्षा जात जास्त आहे. खड्डा भरलाच तर तो उपसणार कोण, हा प्रश्न पिढीभर पुढे ढकलण्यासाठी लोक जास्तीचे कर्ज काढतात. कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे अप्पासाहेब पटवर्धन आयुष्यभर याच प्रश्नाशी झुंजले. स्वतः भंगीकाम केले आणि मैल्याचे खत करणारा गोपुरी संडास लोकांपुढे ठेवला. देहूच्या डॉ. मापुसकरांनी ते काम पुढे नेऊन संडासाला गोबरगॅसची जोड दिली. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत केंद्राचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर खड्ड्यात उतरले आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी खत बाहेर काढले. फोटो सगळीकडे छापून आला. गवंड्यांपर्यंत तो पोचलेला दिसत नाही.

पाण्याचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. तीव्र उताराच्या ग्रामीण भांड्याला दीड-दोन लिटर पाणी पुरते, पण शोभेचे शहरी भांडे बसवले की बादली लागते आणि ती बादली डोक्यावरच्या हंड्यातूनच येते. नळाआधी संडास झाला तर बाईची एक खेप वाढते. २०१९ च्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचे उद्दिष्ट ठेवले आणि गावातल्या कामासाठी १० टक्के लोकवर्गणी मागितली, डोंगराळ आणि वनक्षेत्रात ५ टक्के. पाणी समितीत निम्म्या महिला असाव्यात, गावातल्या पाच जणींना पाणी तपासायला शिकवावे, असेही त्यात आहे. गटाचे कर्ज वर्गणीला, नळजोडणीला किंवा साठवणीच्या टाकीला गेले तर ते सार्थकी लागते. बोअरला गेले तर जुगार: पाणी नाही लागले तरी हप्ता लागतोच.

संडासाचे अनुदान दोन टप्प्यांत, पहिला बांधकामाआधी, देण्याची मुभा स्वच्छ भारतच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांतच होती. ज्या जिल्हा परिषदांना बायकांनी कर्ज काढू नये असे वाटते, त्यांनी पहिला हप्ता विटा यायच्या आधी खात्यात टाकावा.